वैज्ञानिक ज्ञान ‘सिद्ध’ होत नसेल, तर ते कशाच्या बळावर उभे असते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कितीही निरीक्षणे जमवली तरी त्यांतून सार्वत्रिक नियम तर्काने निघत नाही. नियमाच्या विरुद्ध जाणारे निरीक्षण मिळाले तरी कुठेतरी दुरुस्ती करून तो नियम वाचवता येतो. शिवाय एकेकाळी निर्विवाद मानलेले सिद्धांत पुढे सोडून द्यावे लागल्याचे इतिहासात दिसते. असे असताना वैज्ञानिक ज्ञानाला श्रद्धेपेक्षा वेगळा दर्जा कोणत्या आधारावर द्यायचा? हे तिन्ही आक्षेप मला खरे वाटतात, आणि ते झटकून टाकणारे उत्तर मी देणार नाही. तीस वर्षे मी भौतिकशास्त्रातील सूक्ष्म मापनांचे काम केले आणि त्याच्या जोडीने विज्ञानाचे तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे माझे उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने येईल.

आधी शब्दाविषयी. ‘सिद्ध करणे’ हा शब्दप्रयोग आपण गणिताच्या वर्गात शिकतो. तिथे गृहीतके मान्य केली की निष्कर्ष अटळ असतो. निसर्गाविषयीच्या विधानाला अशी अटळता कधीच मिळत नाही, आणि ती मागितली तर विज्ञानच काय, रोजच्या व्यवहारातील एकही विधान टिकणार नाही. म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे की एखादे विधान चुकीचे असण्याची कोणकोणती कारणे संभवत होती, त्यांतील किती आपण तपासली, आणि ते चुकीचे असते तर तपासणीत ते उघडे पडले असते का. समर्थन या शब्दाचा माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे, आणि तो पुरेसा आहे.

विगमनाची, म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून सार्वत्रिक नियम काढण्याची, अडचण तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ मध्ये मांडली म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. धूर आणि अग्नीच्या उदाहरणावर वाढलेल्या आपल्या दर्शनपरंपरेत मात्र हा आक्षेप त्याच्या कितीतरी आधी आलेला आहे. चार्वाकांचे म्हणणे असे की जिथे जिथे धूर पाहिला तिथे अग्नी होता, एवढेच प्रत्यक्षाने कळते. न पाहिलेल्या ठिकाणी आणि न पाहिलेल्या काळीही तसेच असेल, ही व्याप्ती प्रत्यक्षाने मिळत नाही. अनुमानाने मिळते म्हणावे, तर त्या अनुमानालाच पुन्हा व्याप्ती लागते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, तर्कशास्त्रावर भर देणाऱ्या न्यायदर्शनातील उदयनाचार्यांनी याला उत्तर दिले की शंकेलाही मर्यादा असते, आणि शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशीच ती विसंगत ठरू लागली की ती तिथे थांबते. धूर हवा म्हणून अग्नी पेटवणारा माणूस कार्यकारणभावावर संशय असल्याचे बोलू शकतो, पण त्याप्रमाणे वागू शकत नाही. पुढे बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ श्रीहर्षांनी या उत्तराचेही खंडन केले. निव्वळ तर्काच्या पातळीवर मला श्रीहर्षांची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण एखाद्या शंकेनुसार वागता येत नाही म्हणून ती शंका खोटी ठरत नाही.

तरीही या शंकेचा एक विशेष लक्षात घ्यावा. ती सर्व विधानांवर सारखीच पडते. उद्या सूर्य उगवेल या विधानावर ती जितकी लागू आहे तितकीच तो उगवणार नाही या विधानावरही लागू आहे. त्यामुळे दोन विधानांपैकी कोणते अधिक विश्वासार्ह, हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग होत नाही. प्रयोगशाळेत आम्ही जी शंका घेतो ती नेमकी असते: या वाचनावर तापमानाचा परिणाम झाला असेल का, नमुन्यात भेसळ असेल का, दोन गोष्टी एकत्र दिसतात त्यामागे तिसरेच काही असेल का. न्यायपरंपरेत या शेवटच्या शंकेसाठी ‘उपाधी’ हा अतिशय नेमका शब्द आहे. अग्नी असेल तिथे धूर असतो, असे म्हटले तर ते चुकते, कारण धूर निघायला इंधन ओले असावे लागते आणि लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. इथे ओले इंधन ही उपाधी आहे. व्याप्ती निश्चित करायची तर उपाध्या शोधून एकेक वगळत जायचे, ही नैयायिकांची सूचना मला आजच्या प्रायोगिक पद्धतीच्या फार जवळची वाटते.

आता दुसरा आक्षेप. कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये असे सुचवले की नियम खरा ठरवता येत नसला तरी खोटा ठरवता येतो, आणि ज्या विधानाला खोटे ठरण्याचा धोका पत्करावा लागतो तेच वैज्ञानिक. या विचाराने मोठे काम केले आणि विद्यार्थ्यांना तो मी आजही प्रथम शिकवतो. पण पिएर दुएम यांनी त्याच्याही आधी, १९०६ मध्ये, दाखवून दिले होते की कोणताही सिद्धांत एकटा कसोटीला उतरत नाही. त्याच्यासोबत उपकरणांविषयीची, परिस्थितीविषयीची, इतर सिद्धांतांविषयीची साहाय्यक गृहीतके असतात. भाकीत चुकले तर यांपैकी कुठेतरी चूक आहे एवढेच तर्क सांगतो. कुठे, ते सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एकाच माणसाच्या आयुष्यात दोनदा घडले. युरेनसचा शोध १७८१ मध्ये लागला आणि पुढील काही दशकांत त्याचे स्थान न्यूटनच्या गुरुत्वाकर्षण नियमावरून काढलेल्या स्थानाशी जुळेनासे झाले. नियम खोटा ठरला असे न म्हणता अर्बेन ल व्हेरिए यांनी बाहेरच्या बाजूला एक न दिसलेला ग्रह असावा असे मानले आणि त्याचे स्थान गणिताने काढले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. याच ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतील एक विसंगती जाहीर केली. बुधाचा सूर्याजवळचा बिंदू गणितापेक्षा किंचित अधिक वेगाने पुढे सरकत होता. त्यांनी पुन्हा तेच केले आणि सूर्याच्या आणखी जवळ ग्रह असावा असे मानले. एका हौशी निरीक्षकाने सूर्यबिंबावरून जाणारा काळा ठिपका पाहिल्याचे कळवले, ग्रहाला व्हल्कन असे नावही मिळाले, आणि पुढची कित्येक वर्षे खग्रास ग्रहणांच्या वेळी त्याचा शोध चालू राहिला. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच.

दोन्ही वेळा तर्काचा साचा एकच होता. पहिल्या वेळचे ल व्हेरिए शास्त्रीय वृत्तीचे आणि दुसऱ्या वेळचे हट्टी, असा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. नियम वाचवण्यासाठी नवे गृहीतक मांडण्यात गैर काहीच नाही. ते गृहीतक स्वतः स्वतंत्रपणे तपासता येते का आणि तपासले जाते का, हे पाहावे लागते. नेपच्यूनच्या गृहीतकाने दुर्बीण कुठे रोखायची ते सांगितले आणि तिथे ग्रह मिळाला. व्हल्कनच्या गृहीतकानेही तपासणीची जागा सांगितली आणि तिथे काही मिळाले नाही. ग्रह फार लहान आहे, किंवा तो ग्रह नसून धूळ आहे, असे म्हणून गृहीतक आणखी काही काळ टिकवता आले असते, पण प्रत्येक सवलतीबरोबर त्याने सांगितलेले काही तपासण्याजोगे उरेनासे झाले. सायमन न्यूकम यांनी १८८२ मध्ये विसंगतीचा आकडा शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असा निश्चित केला. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून तोच आकडा निघाला, आणि तो जुळवून घेण्यासाठी त्यांना एकही मूल्य हाताने बसवावे लागले नव्हते. जुळवलेला आकडा आणि आपोआप निघालेला आकडा यांत समर्थनाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

याच सिद्धांताच्या १९१९ मधील कसोटीविषयी मला वारंवार विचारले जाते, म्हणून थोडे विषयांतर करतो. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळावा असे नवा सिद्धांत सांगत होता. न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मे वळण अपेक्षित होते. त्या वर्षीच्या ग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल येथील एका दुर्बिणीने १.९८ आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरील दुर्बिणीने १.६१ असे मूल्य दिले. सोब्राल येथील दुसऱ्या दुर्बिणीने ०.९३ दिले, आणि ते निकालातून वगळण्यात आले. वगळण्याचे कारण नोंदवलेले आहे: उन्हाने आरसा तापून ताऱ्यांच्या प्रतिमा पसरल्या होत्या. तरीही नको असलेले मूल्य टाकून दिले, असा आरोप पुढे झाला. १९७९ मध्ये त्याच छायाचित्रांच्या काचांची नव्या साधनांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा वगळलेल्या काचांचे मूल्य सुमारे १.५५ आले, म्हणजे त्यांचा कल नव्या सिद्धांताकडेच निघाला. आणि समजा तो निघाला नसता, तरी आज काही बिघडले नसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संकेतांच्या मापनाने, सूर्यामुळे प्रकाशाच्या मार्गावर होणारा परिणाम सिद्धांताशी एक लाखात सुमारे दोन भाग इतक्या बारकाईने जुळतो हे दाखवले. एखाद्या प्रसिद्ध प्रयोगावर सिद्धांताचा सगळा भार असतो ही समजूत चुकीची आहे, आणि म्हणून तो प्रयोग डळमळीत असल्याचे दाखवले की सिद्धांत कोसळला, हा युक्तिवादही चुकीचा आहे.

मग भार कशावर असतो? मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा इथे आहे. तो अणूंच्या उदाहरणाने जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणू ही हिशेबाची सोय आहे की खरी वस्तू, याविषयी मोठमोठ्या शास्त्रज्ञांत मतभेद होते. रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ऑस्टवाल्ड यांना अणू मान्य नव्हते आणि त्यांचा आक्षेप उथळ नव्हता: जे कोणी पाहिले नाही ते आहे असे का म्हणायचे? झाँ पेरँ यांनी १९०८ पासून या प्रश्नावर प्रयोग केले. त्यांनी पाण्यात गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे एकसारख्या आकाराचे सूक्ष्म कण सोडले. हवा जशी उंचीबरोबर विरळ होत जाते तसेच हे कणही पाण्यात वर वर विरळ होत जातात. हवेला निम्मे विरळ व्हायला काही किलोमीटर लागतात, तर या कणांना मिलिमीटरचे काही शतांश भाग पुरतात. सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजून त्या विरळपणावरून एका मोलमध्ये, म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थ मोजण्याच्या ठरावीक एककात, किती रेणू असतात तो आकडा काढता येतो. मग त्यांनी वेगळाच मार्ग घेतला. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सूत्रानुसार पाण्यात इकडेतिकडे हेलकावणारा कण ठरावीक वेळात सरासरी किती दूर सरकतो यावरूनही तोच आकडा निघायला हवा. तसा तो निघाला. कणांच्या स्वतःभोवती फिरण्यावरूनही निघाला.

एवढ्यावर न थांबता पेरँ यांनी इतरांची कामेही शेजारी मांडली. वायूची श्यानता (म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध), तापलेल्या वस्तूचे प्रारण (तिच्यातून बाहेर पडणारे प्रकाश-उष्णतेचे किरण), आकाशाचा निळेपणा, किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडणाऱ्या कणांची मोजणी, त्यातून जमा होणारा हेलियम वायू. प्रत्येकाची उपकरणे वेगळी होती, गणित वेगळे होते आणि चुकण्याची कारणेही वेगळी होती. १९१३ मध्ये त्यांनी हे सर्व निष्कर्ष एका तक्त्यात दिले, आणि सारे आकडे १० च्या तेविसाव्या घाताच्या साधारण ६ ते ७.५ पट या पट्ट्यात आले. आजच्या दृष्टीने हा पट्टा रुंद आहे. पण अणू नसते, तर वायूच्या श्यानतेने आणि आकाशाच्या रंगाने दिलेल्या आकड्यांत हजारो पटींचा फरक पडायलाही काही अडकाठी नव्हती. ऑस्टवाल्ड यांनी १९०९ च्या सुमारास आपले मत जाहीरपणे बदलले, आणि दीर्घकाळ साशंक राहिलेल्या आंरी प्वाँकारे यांनी १९१२ मध्ये.

हा युक्तिवाद नीट पाहावा. यातील एकेक प्रयोग घेतला तर त्याच्यावर दुएम यांचा आक्षेप पूर्णपणे लागू होतो. कदाचित कणांचा आकार चुकीचा मोजला असेल, कदाचित प्रारणाचा सिद्धांत सदोष असेल. परंतु सर्व साहाय्यक गृहीतके वेगवेगळी असताना, आणि ती सर्व चुकलेली असताना, त्या चुकांनी एकमेकींशी संगनमत करून एकाच आकड्यापाशी यावे, हे मानणे अणू मानण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ही निर्णायक सिद्धता नाही. अशा जुळणीपुढे शंका टिकवायची तर शंका घेणाऱ्यालाच एक विलक्षण योगायोग गृहीत धरावा लागतो, इतकेच, आणि व्यवहारात एवढ्यावर मी निश्चिंतपणे काम करतो.

मोजमापाच्या क्षेत्रात हे तत्त्व पुढे नियम म्हणूनच लिहिले गेले. किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गाच्या स्थिरांकावर बसवायची ठरली, तेव्हा संबंधित आंतरराष्ट्रीय समितीने अट घातली की किमान तीन स्वतंत्र प्रयोगांचे निष्कर्ष दहा कोटींत ५ भाग इतक्या अनिश्चिततेच्या आत जुळले पाहिजेत, त्यांत किमान एकाची अनिश्चितता दहा कोटींत २ भागांपेक्षा अधिक नसावी, आणि या प्रयोगांत दोन पूर्णतः वेगळ्या पद्धती असल्या पाहिजेत: एक विद्युतबलाने वजन तोलणारी किबल तुला, दुसरी सिलिकॉनच्या गोळ्यातील अणूंची क्ष-किरणांनी केलेली मोजणी. एकाच पद्धतीने अधिक सूक्ष्म मापन केले असते तर ते चालले नसते. ही जुळणी साधल्यावर २० मे २०१९ पासून नवी व्याख्या लागू झाली, आणि पेरँ यांनी मोजलेली संख्याही त्याच दिवसापासून १० च्या तेविसाव्या घाताच्या ६.०२२१४०७६ पट अशी कायमची ठरवण्यात आली.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण स्वतंत्रपणा दिसतो तितका सोपा नसतो. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून काढलेले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे १९१३ चे मूल्य आजच्या मूल्यापेक्षा सुमारे ०.६ टक्क्याने कमी होते, आणि हा फरक त्यांनी दिलेल्या अनिश्चिततेच्या तिप्पट होता. थेंबाच्या प्रयोगात कितीही काळजी घेतली तरी ही चूक दिसणार नव्हती, कारण ती थेंबात नव्हतीच. हिशेबासाठी घेतलेले हवेच्या श्यानतेचे मूल्य चुकीचे होते. क्ष-किरण आणि स्फटिक यांच्या साहाय्याने त्याच प्रभाराचे मूल्य काढले गेले, ते जुळेना, आणि १९३० च्या दशकात श्यानता पुन्हा मोजली तेव्हा दोष सापडला. असाच अनुभव लहान प्रमाणात मलाही आला आहे. एका मापनात आम्ही तिघांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उपकरणांवर घेतलेली वाचने सुरेख जुळली आणि आम्ही ती तीन स्वतंत्र साक्षी म्हणून धरली. काही महिन्यांनी लक्षात आले की तिन्ही उपकरणांचे अंशांकन एकाच तापमापकावरून झाले होते आणि तो तापमापक सरकलेला होता. आमच्याकडे साक्षीदार एकच होता. तेव्हापासून कोणतीही दोन मापने जुळलेली दिसली की त्यांच्यात सामाईक काय आहे, हे मी प्रथम शोधतो.

शास्त्रज्ञ प्रस्थापित सिद्धांतांना चिकटून राहतात अशी तक्रार ऐकू येते, तिचाही उलगडा यातून होतो. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील ऑपेरा प्रयोगातील गटाने जाहीर केले की सुमारे ७३० किलोमीटर अंतर कापणारे न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. त्यामागे कारण होते: १९८७ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरील ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो आणि प्रकाश काही तासांच्या अंतराने पोचले होते. ऑपेराच्या मापनातील वेग त्या न्यूट्रिनोंनाही लागू असता तर ते चार वर्षे आधी यायला हवे होते. पुढे प्रकाशतंतूच्या केबलची एक जोडणी सैल असल्याचे आढळले आणि २०१२ मधील नव्या मापनांत फरक नाहीसा झाला. त्या गटाने आपले मापन दडवून न ठेवता इतरांना चूक शोधण्याचे आवाहन केले होते, याचा मला आजही आदर वाटतो.

आपण विचारले आहे की जिथे नियंत्रित प्रयोग करताच येत नाही तिथे काय. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये रुग्णांच्या तुलनेतून मांडला. माणसांना चिठ्ठ्या टाकून वीस वर्षे सिगारेट ओढायला लावणे शक्य नव्हते. संख्याशास्त्राचे अग्रणी रोनाल्ड फिशर यांनी यावर नेमकी उपाधीची शंका घेतली: कदाचित एखादी जन्मजात प्रवृत्तीच माणसाला धूम्रपानाकडेही नेत असेल आणि कर्करोगाकडेही. शंका वाजवी होती, आणि नेमकी असल्यामुळेच तिला उत्तर देता आले. जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले की धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सर्वस्वी अशा प्रवृत्तीमुळे असेल, तर ती प्रवृत्ती धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा किमान नऊपट अधिक आढळली पाहिजे. असा ठळक घटक कोणालाही दाखवता आला नाही. त्याच्या जोडीला धूम्रपान सोडणाऱ्यांत धोका घटतो, जास्त ओढणाऱ्यांत वाढतो, धुराच्या डांबराने प्राण्यांत गाठी होतात, अशा वेगवेगळ्या वाटा एकत्र आल्या. प्रयोग नसतानाही समर्थन उभे राहते, फक्त त्याला अधिक वेळ आणि अधिक कष्ट लागतात.

उलट बाजूने, एकट्या अभ्यासाला किती कमी वजन द्यावे हे साध्या हिशेबाने कळते. समजा १,००० कल्पना तपासल्या आणि त्यांतील १०० खऱ्या आहेत. खरी कल्पना ओळखण्याची क्षमता ८० टक्के आणि खोटीला चुकून मान्यता देण्याचे प्रमाण ५ टक्के धरले, तर ८० खऱ्या आणि ४५ खोट्या कल्पना ‘यशस्वी’ ठरतील, म्हणजे १२५ पैकी एक तृतीयांशाहून अधिक चुकीच्या. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकालांत, मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम लक्षणीय होता, तर पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांतच. ही त्या शास्त्राची नामुष्की आहे असे मी मानत नाही. ही मोजणी त्याच शास्त्रातील लोकांनी स्वतः केली. पण वर्तमानपत्रात ‘एका अभ्यासानुसार’ अशी सुरुवात दिसली की पेरँ यांच्या तक्त्यातील ती फक्त एक ओळ आहे, असे समजावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. लॅरी लाउडन यांनी १९८१ मध्ये यशस्वी ठरूनही चुकीच्या निघालेल्या सिद्धांतांची यादी मांडली. प्रकाशवाहक ईथर, म्हणजे प्रकाशलहरी ज्यातून जातात असे मानले जाई ते माध्यम, त्या यादीत आहे, उष्णतेचा द्रव आहे. आजचे सिद्धांतही उद्या त्याच यादीत जाणार नाहीत कशावरून? ‘काहीच नष्ट होत नाही, सगळे सामावून घेतले जाते’ असे सोयीचे उत्तर देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ईथर गेला, आणि त्याचा कोणताही अवशेष आपण ठेवलेला नाही. मात्र काय गेले आणि काय राहिले हे तपशिलाने पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते. परावर्तित आणि अपवर्तित प्रकाशाच्या तीव्रतेची फ्रेनेल यांची समीकरणे ईथरच्या कल्पनेतून निघाली होती. ईथर गेल्यावर ती मॅक्सवेल यांच्या सिद्धांतातून जशीच्या तशी निघतात. बुधाच्या कक्षेचा बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात शतकाला सुमारे ५७५ विकला सरकतो, त्यांतील सुमारे ५३२ विकलांचा हिशेब इतर ग्रहांच्या ओढीने न्यूटनचा नियम देतो. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने तो हिशेब रद्द केला नाही, उरलेल्या ४३ विकलांची भर घातली. टिकून राहते ते बहुतेक वेळा मोजलेले संबंध आणि त्यांची लागू होण्याची मर्यादा. वस्तू मुळात कशाची बनली आहे याविषयीची चित्रे मात्र अधिक नाशवंत असतात. म्हणून मी स्वतः सिद्धांताच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळ्या प्रमाणात विश्वास ठेवतो: स्वतंत्र वाटांनी गाठलेल्या भागावर जवळजवळ पूर्ण, एकाच वाटेने गाठलेल्यावर बराच कमी, आणि ज्याला अजून वाटच नाही त्यावर नाही.

ही पद्धत आजच्या उघड्या प्रश्नावर लावून दाखवतो. विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन वाटांनी मोजला जातो. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणावरून प्लांक उपग्रहाने काढलेले मूल्य दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला ६७.४ किलोमीटर आहे, अनिश्चितता ०.५. रूपविकारी तारे (ज्यांचे तेज कमीजास्त होते) आणि अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) यांच्यावरून अंतरे मोजण्याच्या साखळीने २०२२ मध्ये दिलेले मूल्य ७३.०४ आहे, अनिश्चितता १.०४. दोन्ही गट अत्यंत काटेकोर आहेत, आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. मला विचाराल तर आज मी यांपैकी कोणताही आकडा निश्चित मानत नाही, आणि त्यांची सरासरी काढणे तर मला साफ चुकीचे वाटते. ताऱ्यांच्या साखळीत कुठे मिलिकन यांच्या श्यानतेसारखा सामाईक दोष दडला असेल, किंवा आरंभकाळाविषयीच्या सिद्धांतात काही राहून गेले असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वलहरींनी तिसरी वाट उघडली, जिला ना ती साखळी लागते ना ते प्रारण. तिने पहिल्याच घटनेवरून सुमारे ७० हे मूल्य दिले, पण अनिश्चितता इतकी मोठी होती की वरचे दोन्ही आकडे तिच्यात बसतात. ती निर्णायक ठरण्याइतकी कमी व्हायला अशा आणखी बऱ्याच टकरी टिपाव्या लागतील.